गोठ्यावरचे पॅनेल, तीस मीटर वायर आणि घरातल्या बॅटऱ्या: जोडणी नेमकी कशी करावी?

वाडीकर

मंडळी, जाणकारांचा सल्ला हवा आहे.

आमचं घर दापोली तालुक्यात. आई-बाबा तिथे, मी पुण्यात. पावसाळ्यात लाईट गेली की कधी येईल ते सांगता येत नाही, म्हणून सोलर बसवलं. घर कौलारू, त्यावर नारळाची सावली, त्यामुळे पॅनेल गोठ्याच्या पत्र्यावर टाकले. गोठा ते घर वायरच्या मार्गाने साधारण तीस मीटर.

सामान असं: ३३५ वॅटचे चार पॉली पॅनेल, १५० एएचच्या चार ट्यूब्युलर बॅटऱ्या (दोन-दोन सिरीजमध्ये, म्हणजे २४ व्होल्ट, ३०० एएच), ६० अँपियरचा चार्ज कंट्रोलर आणि इन्व्हर्टर. वायर चार स्क्वेअर एमएमची, सोलरवाली. चारही पॅनेल पॅरलल जोडलेत, कारण बसवणारा म्हणाला, "सिरीज केलं तर व्होल्टेज वाढतं, रिस्क असते."

फ्रिज, तीन पंखे, दिवे, वायफाय एवढंच चालवायचंय. तरी रात्री अकरा-साडेअकराला इन्व्हर्टर ओरडायला लागतो. बसवणाऱ्याला फोन केला तर म्हणतो, वायर बारीक पडते, सोळाची तांब्याची टाका. दर विचारला आणि फोन ठेवला. खरंच वायरचा दोष आहे, की जोडणी बदलून भागेल?

फ्यूज_उडाला

गोठ्यावर पॅनेल म्हणजे दूध तापूनच निघत असेल. तेवढीच गॅसची बचत.

तारेवरची कसरत

पॅनेलमागचं स्टिकर वाचून आकडे दिले असते तर बरं झालं असतं. ३३५ वॅटच्या पॉलीचे साधारण आकडे धरतो: व्हीएमपी (भर कामातलं व्होल्टेज) ३७.८ व्होल्ट, आयएमपी (तेव्हाचा करंट) ८.८७ अँपियर, व्हीओसी (काही न जोडता दिसणारं व्होल्टेज) ४५.८.

चारच्या सोलर वायरचा रोध किलोमीटरला पाच ओहमच्या थोडा वर असतो. तीस मीटर जाणं, तीस मीटर येणं, म्हणजे साठ मीटर (हे येणं लोक विसरतात). झाला ०.३ ओहम.

चारही पॅरलल: ३५.५ अँपियर. वायरमध्ये जवळजवळ ११ व्होल्ट पडतात. ३८० वॅटच्या वर नुसती वायर गरम करण्यात जातात.

दोन सिरीज, अशा दोन जोड्या पॅरलल: करंट १७.७, व्होल्टेज ७५. पडझड साडेपाच व्होल्ट, तोटा ९६ वॅट.

चारही सिरीज: करंट ८.९, व्होल्टेज १५०. तोटा फक्त २४ वॅट.

वायर तीच, पॅनेल तेच. करंट निम्मा केला की तोटा चौथाईवर येतो, कारण तो करंटच्या वर्गाने चालतो. म्हणून नियम एवढाच धरा: लांबचं अंतर पॅनेलच्या बाजूला चढ्या व्होल्टेजवर काढायचं आणि बॅटरीच्या बाजूला वीतभर वायर ठेवायची. कंट्रोलर बॅटरीजवळच आहे ना? गोठ्यात टांगलेला नाही ना?

वाडीकर

कंट्रोलर घरातच, बॅटरीपासून दीड मीटरवर. गोठ्यात नाही. :)

पुणेरी पाटी

मुळात बॅटरी हवीच कशाला? पीएम सूर्यघरमध्ये तीन किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान मिळतं. ऑनग्रीड (थेट महावितरणच्या लाईनला जोडलेलं) करा, नेट मीटर लावा, बिल शून्यावर आणा. बॅटरी म्हणजे पांढरा हत्ती. दर काही वर्षांनी बदला, पाणी घाला, वास घ्या.

वाडीकर

@पुणेरी पाटी, लाईट गेली की ऑनग्रीड इन्व्हर्टरही बंद पडतो. उन्हाळ्याच्या भर दुपारी छतावर तीन किलोवॉट आणि घरात पंखा बंद, हे शेजाऱ्यांकडे बघितलंय.

तारेवरची कसरत

तो बंद पडलाच पाहिजे. नाहीतर खांबावर चढलेल्या वायरमनला तुमच्या छतावरून करंट जायचा. ऑनग्रीड वाईट नाही, पण ते बिलासाठी. धागाकर्त्यांचा प्रश्न अंधाराचा आहे. हायब्रिडमध्ये दोन्ही साधतं, तो वेगळा धागा.

रानजाई

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आम्ही श्रीवर्धनला होतो. खांब काडीसारखे मोडून पडले होते. कित्येक गावांत महिना-महिना लाईट नव्हती. मोबाईल चार्ज करायला लोक जनरेटरवाल्याकडे रांग लावत. ज्याने ते दिवस काढलेत त्याला पांढरा हत्ती वगैरे सांगू नका.

बाकी वाडीकर, वायर पाईपातून नेली आहे का? आमच्याकडे घुशीने जमिनीलगतची वायर कुरतडून तांबं उघडं पाडलं होतं. आणि पत्र्यावरचे नटबोल्ट बघा. खाऱ्या हवेत साधे जीआयचे दोन पावसाळ्यांत लाल होतात, स्टेनलेसचे घाला.

दशावतारी

आमच्याकडे माकडां पॅनेलार बसान फणस खातत. बियो खाली टाकतत, चारां वर चिकटता. त्याचो तोटो किती टक्के, कोण सांगीत काय?

फ्यूज_उडाला

@दशावतारी, चारां सिरीजमध्ये की पॅरलल, त्यावर अवलंबून.

बर्फातला मावळा

विनोद राहू द्या, त्या माकडांचा मुद्दा खरा आहे. सिरीजमध्ये एका पॅनेलवर सावली किंवा घाण पडली तर सगळ्या माळेचा करंट अडतो. बायपास डायोड असतात (बहुतेक पॅनेलमध्ये तीन), ते सावलीतला भाग बाजूला टाकतात, पण तेवढं व्होल्टेज जातं. गोठ्यावर दुपारनंतर माडाची सावली येत असेल तर सावलीत येणारे दोन पॅनेल एकाच जोडीत घ्या, म्हणजे दुसरी जोडी मोकळी राहील.

दुसरं म्हणजे थंडी. मी कॅल्गरीला असतो. इथे उणे तीसमध्ये सकाळचं पहिलं ऊन पडतं तेव्हा पॅनेलचं ओपन सर्किट व्होल्टेज स्टिकरपेक्षा सोळा-सतरा टक्के जास्त असतं. कंट्रोलरची मर्यादा ओलांडली तर तो तिथल्या तिथे जातो, आणि वॉरंटीवाला लॉग बघून हात वर करतो.

तारेवरची कसरत

दापोलीत उणे तीस नाही, पण हिवाळ्यात पारा दहाच्या आसपास येतो. २५ अंशांपेक्षा पंधरा खाली, म्हणजे व्होल्टेज पाचेक टक्के वर. बाजारात १५० व्होल्टचे एमपीपीटी कंट्रोलर (पॅनेलचं चढं व्होल्टेज उतरवून बॅटरीला जास्त करंट देणारे) सहज मिळतात. दोन सिरीज म्हणजे ९१.६, थंडीत ९६. निवांत. तीन सिरीज म्हणजे १३७, थंडीत १४४. चालतं म्हणणारे भेटतील, मी जोडणार नाही. चार सिरीजला २५० व्होल्टवाला लागतो, तो महाग.

म्हणून दोन-दोन. पण त्याआधी एक सांगा वाडीकर, तुमचा कंट्रोलर खरंच एमपीपीटी आहे का?

वाडीकर

डब्यावर मोठ्या अक्षरात एमपीपीटी लिहिलंय.

फोडणीचा भात

डब्यावर माझ्या मुलाच्या खेळण्यातल्या गाडीच्या पण टर्बो लिहिलंय.

ओळखायच्या खुणा सांगतो. एक, वजन. खऱ्या ६० अँपियरच्या एमपीपीटीत तांब्याची जाड गुंडाळलेली कॉइल आणि मागे ॲल्युमिनियमचा भलामोठा हीटसिंक असतो. एका हातात उचलून फिरवता आला तर संशय घ्या. दोन, मागच्या पट्टीवर 'कमाल पीव्ही व्होल्टेज' बघा. २४ व्होल्टच्या सिस्टिमला ५० किंवा ५५ लिहिलं असेल तर बहुधा पीडब्ल्यूएमच (व्होल्टेज न उतरवणारा साधा कंट्रोलर). तीन, आणि हीच खरी परीक्षा: उन्हात डीसी क्लॅम्प मीटरने पॅनेलकडून येणारा आणि बॅटरीकडे जाणारा करंट मोजा, बॅटरी पूर्ण भरलेली नसताना. दोन्ही सारखे तर पीडब्ल्यूएम. एमपीपीटीत व्होल्टेज उतरतं तसा करंट वाढतो, त्यामुळे बॅटरीकडे जास्त दिसायला हवा.

साधा क्लॅम्प मीटर फक्त एसी मोजतो. डीसीवाला मागून आणा.

वाडीकर

बाबांना पट्टी वाचायला सांगितली. कमाल पीव्ही ५० व्होल्ट. आणि उचलून बघा म्हटलं तर म्हणाले, "अरे, हा तर चहाच्या डब्याएवढा हलका आहे."

फ्यूज_उडाला

श्रद्धांजली.

गणितवेडी

आता मजा बघा. कंट्रोलर पीडब्ल्यूएम असेल तर वरचा सगळा वायरचा हिशोब उलटतो.

पीडब्ल्यूएम म्हणजे भराभर उघडझाप करणारा स्विच. बॅटरी भरत असताना तो पॅनेल सरळ बॅटरीला जोडून देतो. बॅटरी २७ व्होल्टवर असेल तर पॅनेललाही तिथेच खेचतो, वायरची पडझड वर. पॅनेल हा करंटचा झरा आहे, व्हीएमपीच्या खाली कुठेही उभा करा, करंट जवळपास तेवढाच देतो. म्हणजे वायर कितीही जाड घातली तरी बॅटरीला मिळणार ३५-३६ अँपियर गुणिले २७ व्होल्ट, साडेनऊशे-हजार वॅट. वरचे अकरा व्होल्ट वायरमध्ये मेले काय नि कंट्रोलरमुळे फुकट गेले काय, बॅटरीला फरक शून्य.

सोळाची तांब्याची वायर टाकली असती तर पैसे वायरवाल्याला मिळाले असते आणि इन्व्हर्टर तसाच साडेअकराला ओरडला असता.

भट्टी

@गणितवेडी, कागदावर बरोबर, पत्र्यावर चूक. मी अकोल्याचा. तुमचे आकडे २५ अंशांचे आहेत. एप्रिलच्या दुपारी पॅनेलची पाठ ६५ च्या वर जाते, हात लावून बघा. पॉलीचा व्हीएमपी अंशाला ०.४ टक्के पडतो. चाळीस अंशांनी वाढला म्हणजे १६ टक्के गेले, ३७.८ चा ३२ उरतो. आता बॅटरीचे २७ आणि वायरचे ११ मिळून ३८ कुठून आणणार? पॅनेल गुडघ्याच्या (म्हणजे व्हीएमपीच्या) वर जाईल आणि करंट धडाधड पडेल. म्हणून गरम जागी पीडब्ल्यूएमवर बारीक वायर मारतेच. पत्र्याला चिकटवून बसवले असतील तर अजूनच. खालून वारा जायला वीतभर फट हवी.

गणितवेडी

तापमानाचा मुद्दा मान्य. माझं विधान दुरुस्त करते: थंड सकाळी वायरने फरक नाही, तापल्या दुपारी आहे. तरी जाड वायरने मिळून मिळणार काय? जास्तीत जास्त ते ३५ अँपियर, २७ व्होल्टवर. एमपीपीटी घालून जोडी सिरीज केली तर त्याच चारच्या वायरवर त्याहून जास्त. सोळाच्या साठ मीटर तांब्याच्या पैशात १५० व्होल्टचा एमपीपीटी जवळपास येतो.

भट्टी

ते मान्य. भांडण मिटलं, चहा सांगा.

लिथियमप्रेमी

सगळे वायरवर अडकलेत. लेड ॲसिडमध्ये भरलेल्यातलं १५-२० टक्के परत मिळतच नाही. शिवाय ३०० एएच म्हणजे ७.२ युनिट, पण निम्म्याच्या खाली गेलात तर आयुष्य घटतं, म्हणजे हाताशी साडेतीन. लिथियम फॉस्फेटमध्ये ८०-९० टक्के वापरा, ९५ टक्के परत मिळतं. बॅटऱ्या विका आणि २५.६ व्होल्टचा एक पॅक आणा.

रानजाई

आणि बीएमएस (पॅक सांभाळणारं आतलं सर्किट) बिघडला तर दापोलीत दुरुस्त कोण करणार? ट्यूब्युलरवाला तालुक्याला आहे, हायड्रोमीटर घेऊन घरी येतो.

तारेवरची कसरत

बॅटऱ्या चांगल्या असतील तर आत्ताच विकायचं कारण नाही. उद्या लिथियम आणलीच तर कंट्रोलरची सेटिंग बदलायला विसरू नका. ट्यूब्युलरला ॲब्सॉर्प्शन (पूर्ण भरायचं व्होल्टेज) २८.८ आणि फ्लोट (भरल्यावर राखायचं) २७.४ च्या आसपास, वर अधूनमधून इक्वलायझेशन (मुद्दाम जास्त भरून सगळे सेल सारखे करणं). लिथियमला इक्वलायझेशन पूर्ण बंद, तापमान भरपाई बंद, २८.४ च्या वर जायचं नाही. जुनी सेटिंग तशीच ठेवून लिथियम जोडणारे महाभाग पाहिलेत.

आणि एक: बॅटरीवर १५० एएच सी-१० लिहिलंय की सी-२० (म्हणजे क्षमता दहा तासांत रिकामी करून मोजली की वीस)? इन्व्हर्टरची सी-२०वाली असेल तर सोलरच्या हिशोबाला ती थोडी कमीच धरा.

ओव्हरलोड

माझा वेगळाच प्रश्न. इन्व्हर्टर चोवीस तास चालू असतो का? नुसता चालू ठेवला, लोड काही नाही, तरी साधा ट्रान्सफॉर्मरवाला इन्व्हर्टर चाळीस-पन्नास वॅट खातो. दिवसाला युनिटभर. तुमचे १.३४ किलोवॉट वर्षाच्या सरासरीने चांगल्या जोडणीत दिवसाला पाचेक युनिट देतील, त्यातलं एक हा बसल्या जागी खातो.

वायरचं बघाल तर दोन-दोनच्या जोडणीत ९६ वॅट हा भर दुपारचा आकडा. सकाळ-संध्याकाळ करंट अर्धा, तोटा चौथाई. दिवसाची बेरीज पाव युनिटच्या जरा वर जाईल इतकीच. जुने पंखे ७५ वॅटचे, बीएलडीसी तीसच्या आसपास. तीन पंखे रात्री आठ तास, एक युनिट वाचलं. साडेअकराची बोंब तिथेच निम्मी मिटेल.

पुणेरी पाटी

हे बाकी पटलं. ('पंखा बदला' असा धागा काढला असता तर शंभर प्रतिसाद कसे झाले असते म्हणा.)

तारेवरची कसरत

@ओव्हरलोड +१.

सुरक्षेचं कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. गोठ्यात गवत असतं, तेव्हा नीट वाचा.

पॅनेलच्या लाईनला घरातला एसी एमसीबी लावू नका. एसी सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतं, तिथे ठिणगी विझते. डीसी शून्यावर येतच नाही. मागे एका पोल्ट्रीत गेलो होतो. मालकाने दुपारी एमसीबी पाडला, खटका खाली आला, आत मात्र ठिणगी पेटलेलीच. प्लास्टिक वितळून खाली टपकत होतं, वास अंगणापर्यंत. पॅनेलवर ताडपत्री टाकली तेव्हा ते विझलं. ७५ व्होल्टला हे असं, १५० ला विचार करा. डीसीचा एमसीबी घ्या, आणि त्यावर अधिक-उण्याच्या खुणा असतील तर त्या बरहुकूमच जोडा, उलटा जोडलेला डीसी एमसीबी पण असाच पेटतो.

एमसी-फोर कनेक्टर (पॅनेलच्या वायरी जोडायचा) चालू उन्हात, करंट वाहत असताना ओढून काढायचा नाही. नर एका कंपनीचा, मादी दुसऱ्या कंपनीची, असंही करायचं नाही. बसतात, पण नीट धरत नाहीत आणि तापतात.

बॅटरीच्या अधिक टोकापासून वीतभरावर फ्यूज. बॅटरी शॉर्ट झाली तर हजारो अँपियर सोडते, पाना आडवा पडला तर वेल्डिंग होतं. अंगठी, कडं काढून काम करा.

कंट्रोलर बदलताना आधी पॅनेल सोडवा, मग बॅटरी. जोडताना उलट, बॅटरी आधी, कारण त्यावरून कंट्रोलर २४ की १२ ते ओळखतो.

दशावतारी

हां बघा, ह्यां खरां. आमच्या वाडीत एकान वायरीच्या टोकाचो लग हातोडीन ठोकून बसयलेलो. लाल होयसर कोणाक कळाक नाय.

तारेवरची कसरत

क्रिंपिंगचं (लग वायरवर दाबायचं) हत्यार नसेल तर लग दुकानातूनच दाबून आणायचा. आणि तांब्याच्या वायरला तांब्याचाच लग. टर्मिनल घासून, घट्ट करून, वर पेट्रोलियम जेली. इन्व्हर्टर शंभर अँपियर ओढतो तेव्हा ढिल्या लगमध्ये जितकं जातं तितकं तुमच्या तीस मीटरमध्ये जात नसेल.

वाडीकर

सगळ्यांचे आभार. शनिवार-रविवार गावी जाऊन आलो, ऑफिसमधल्या मित्राचा डीसी क्लॅम्प मीटर घेऊन.

जुन्या जोडणीत, दुपारी साडेबाराला, स्वच्छ उन्हात, बॅटऱ्या अर्ध्या रिकाम्या असताना: पॅनेलकडून येणारा करंट २४ अँपियर, बॅटरीकडे जाणारा २४ अँपियर. पीडब्ल्यूएमवर शिक्कामोर्तब. व्होल्टेज गोठ्यापाशी ३४.५, कंट्रोलरपाशी २७.२. @भट्टी, तुमचं पत्र्यावरचं गणित बरोबर निघालं. पॅनेल आणि पत्र्यामध्ये चार बोटं पण जागा नाही, हात ठेववत नव्हता.

बसवणाऱ्याला कंट्रोलरबद्दल विचारलं. म्हणतो, "कंपनीने लिहिलंय, मी काय करू." आता वाद घालण्यात अर्थ नाही.

१५० व्होल्टचा ६० अँपियरवाला एमपीपीटी मागवलाय. हा दोन्ही हातांनी उचलावा लागतो म्हणे.

भट्टी

२४ गुणिले ७.३ व्होल्ट. १७५ वॅट वायरमध्ये आणि बॅटरीला ६५०. १,३४० वॅटच्या पॅनेलवर निम्मं पण पोचत नाही, बाप्पा.

मोगरा

अवांतर होईल, पण मागेल त्याला सौर कृषी पंप योजनेतून आमच्या मळ्यात पंप बसलाय. त्याचे पॅनेल दुपारी चारनंतर नुसते उभे असतात. ते घरच्या बॅटरीला जोडता येतील का?

तारेवरची कसरत

नाही. ते सगळे पॅनेल सिरीजमध्ये असतात, काहीशे व्होल्ट. तुमच्या घरच्या कंट्रोलरला लावले तर कंट्रोलर नाही आणि कदाचित घरही नाही. शिवाय योजनेतल्या सामानात हात घातला तर देखभालीची हमी जाईल. चारनंतरच्या उन्हात तसंही काही उरत नाही.

वाडीकर

एमपीपीटी बसला. दोन सिरीज, दोन पॅरलल, वायर तीच. तीच वेळ, तसंच ऊन: पॅनेलकडून ५९ व्होल्ट, १५.८ अँपियर. बॅटरीकडे २७.४ व्होल्ट, ३२.५ अँपियर. चोवीसवरून साडेबत्तीस! बाबा दर तासाला आकडा फोनवर सांगतात, शेअर बाजार असल्यासारखे.

पण नवीन कोडं. मीटर हातात होता म्हणून बॅटरीच्या दोन्ही जोड्यांचा करंट वेगवेगळा मोजला. कंट्रोलरजवळच्या जोडीत १९.५, लांबच्या जोडीत १३. बॅटऱ्या एकाच दिवशी घेतलेल्या. असं का?

गणितवेडी

कंट्रोलरची अधिक आणि उणे, दोन्ही वायरी एकाच जोडीवर आहेत का? आणि तिथून पुढे दुसऱ्या जोडीला लिंक?

वाडीकर

हो, तसंच आहे. जवळच्या जोडीवर दोन्ही.

गणितवेडी

मग कारण तेच. लांबच्या जोडीच्या वाटेत दोन लिंक आणि चार लग जास्त आहेत. मिलिओहममधला फरक, पण बॅटरीचा स्वतःचा रोधही मिलिओहममध्येच असतो, त्यामुळे वाटणी बिघडते. जवळची जोडी रोज जास्त भरते, जास्त रिकामी होते, आधी म्हातारी होते. लांबची कायम अर्धपोटी राहते, तिच्यात सल्फेट साचतं.

उपाय फुकट आहे. अधिक वायर पहिल्या जोडीवर ठेवा, उणे उचलून दुसऱ्या जोडीच्या उण्यावर न्या. तिरपं जोडलं की दोन्ही वाटा सारख्या लांबीच्या होतात. इन्व्हर्टरच्या वायरीही तशाच. तीन-चार जोड्या असत्या तर तांब्याची बसबार (सगळ्या वायरी एकत्र जोडायची पट्टी) सांगितली असती.

हे करताना जोडीतल्या दोन बॅटऱ्यांचं व्होल्टेजही चार्जिंग चालू असताना वेगवेगळं मोजा. एक १४.६ आणि दुसरी १३.४ असं दिसलं तर वायर निर्दोष, बॅटरीतच खोट.

वाडीकर

बाबांनी गावच्या वायरमनला बोलावून उणे वायर हलवली. आता १७ आणि १५.५. बॅटऱ्यांत दशांशाचाच फरक, १३.७ आणि १३.६. हायड्रोमीटरवाला येऊन गेला, पूर्ण भरल्यावर सगळ्या सेलच्या ॲसिडची घनता १,२४० च्या आसपास, फक्त एकाची १,२२०. डिस्टिल्ड वॉटर टाकून इक्वलायझेशन करायला सांगितलंय. पंखे बीएलडीसी आणले. इन्व्हर्टर हल्ली पहाटेपर्यंत गप्प असतो. फ्रिज मात्र आई रात्री बंदच करते, कोणाचं ऐकत नाही.

शेवटचा प्रश्न. राहिलेला वायरचा तोटा कमी करायला सहाची वायर टाकू का? आणि दोन्ही पॅनेल-जोड्यांना वेगवेगळा फ्यूज हवा का?

तारेवरची कसरत

सहाची नको. चारचीच अजून एक जोडी ओढा आणि प्रत्येक पॅनेल-जोडी स्वतंत्र वायरीने घरापर्यंत आणा. कागदावरचा तोटा ९६ वरून ४८ वर येतो. आत्ताची वायर फुकट जात नाही, आणि घुशीने एक खाल्ली तरी दुसरी चालू. शिवाय दोन्हींचा करंट घरबसल्या वेगवेगळा मोजता येतो, कुठल्या जोडीवर चारां पडलंय ते गोठ्यावर न चढता कळेल.

दोन माळा असतील तर फ्यूज सक्तीचा नाही. एक बिघडली तर दुसरीकडून फार तर साडेनऊ अँपियर उलटे येतील, पॅनेल तेवढं सोसतो. तीन किंवा जास्त माळा झाल्या की प्रत्येकीला फ्यूज हवाच. तुम्ही प्रत्येक जोडीला दोन पोलचा डीसी एमसीबी लावा, पुसायला चढताना बंद करता येतो. सर्ज प्रोटेक्टर आणि अर्थिंग गोठ्याच्या टोकालाही करा, मे महिन्यातल्या विजा पत्र्याला सोडत नाहीत.

पॅनेल मात्र पावसाळा संपला की पत्र्यापासून वीतभर वर उचला. त्यात जे मिळेल ते तुमच्या वायरीत मिळणार नाही.

दशावतारी

वीतभर वर उचललात तर माकडां खाली पण बसतली. सावली बरी मेळता.